तीन खिळ्यांची धाकटी

बोलतेय ती मी, छऱ्याची बंदूक. दचकू नका, नळीत आत्ता काही नाही. आणि असतं, तरी मी तुमच्यावर नेम धरल्यावर तुम्हाला जागचे हलू नका असंच सांगितलं असतं. मी जिथे नेम धरते ती जागा सगळ्यात सुरक्षित. का, तेच सांगायला बसले आहे. सांगताना मान खाली घालून सांगणार आहे, तेवढं चालवून घ्या.

माझं कुळ विचारू नका. नळीवरचा शिक्का गंजाने खाल्ला. बोईसरच्या भंगारवाल्याने गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली ती, "जर्मनीची आहे, काका," अशी. मी गप्प बसले. खरं म्हणजे माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. शेजारच्या टेबलावर सायकलींचे मडगार्ड बनत होते. पण जर्मनी म्हटल्यावर कुणाला नको असतं? तुम्ही तरी लग्नाच्या माहितीपत्रकात सगळं खरं लिहिलं होतं का?

माझा पहिला मालक खंडेराव. जत्रा आली की हा फुगे फोडायचा स्टॉल लावायचा. फळ्यावर ओळीने फुगे, खाली कंगवे, साबणदाण्या, स्टीलचे पेले, आणि सगळ्यात वर उघडून टांगलेली लाल फुलांची छत्री. दहाच्या दहा फुगे फोडणाऱ्याला छत्री. ती एकच छत्री आठ वर्षं टांगलेली होती, त्यावरून काय ते समजा.

आम्ही तिघी बहिणी एकाच पेटीतून त्याच्याकडे आलो. तिघी सरळ होतो. माझं सरळ आयुष्य एका आठवड्याचं. मग एका सकाळी खंडेरावाने आम्हाला ओट्यावर आडवं घातलं, लाकडी ठोकळा घेतला, छोटी हातोडी घेतली आणि प्रत्येकीच्या माशीवर टकटक केलं. माशी म्हणजे नेम धरताना नळीच्या टोकावर दिसते ती बारीक उभी पट्टी. माझी माशी त्याने डावीकडे कलवली, म्हणून माझा छरा उजवीकडे जायचा. मधलीची उजवीकडे कलवली, तिचा छरा डावीकडे. थोरलीला जरा उंच माशी बसवली, तिचा छरा फुग्याच्या पायाशी. सगळं इतकं बारीक, की उघड्या डोळ्याला दिसू नये.

तुम्ही हुशार आहात. म्हणाल, एकदा चुकलेला माणूस पुढच्या वेळी सरकवून धरेल. खंडेराव तुमच्याहून हुशार. तो प्रत्येक छऱ्यानंतर बंदूक हातातून घ्यायचा, "द्या साहेब, मी भरून देतो," म्हणत पुढ्यातल्या फळीखाली न्यायचा आणि वर द्यायचा ती दुसरीच. गिऱ्हाईक आधीच्या चुकीचा हिशेब मनात धरून सरकवणार, तेवढ्यात उलटीकडे मारणारी हातात. तिघी दिसायला अगदी एकसारख्या. न बघता ओळखता यावं म्हणून त्याने आमच्या दस्त्यावर, जिथे गाल टेकतात तिथेच, पितळी खिळे ठोकले होते. थोरलीला एक, मधलीला दोन, मला तीन. फळीखाली बोट फिरवलं की त्याला कळायचं कोण आहे ते.

मला वाकवलं याची मला लाज वाटत नाही. ठोकणारा तो, मी लोखंड. लाज याची वाटते की मला त्यात मजा यायची.

काय एकेक नमुने यायचे! एक डोळा मिटायला सांगितला तर दोन्ही मिटणारे. जीभ बाहेर काढून नेम धरणारे. नवी बायको शेजारी असली की उगाच छाती फुगवून उभे राहणारे, आणि चुकले की बायकोलाच, "तू हललीस," म्हणणारे. एका गुरुजींचे दहाही गेले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चष्म्याच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. एक हवालदार आले. त्यांचे गेले, तर म्हणाले, "आमची सर्विसची रायफल जड असते, हे खेळणं हाताला लागत नाही." कुणी वाऱ्याला बोल लावला, कुणी फुग्याला, कुणी मागून ढकलणाऱ्या गर्दीला. मी आतल्या आत खिदळायचे. इतक्या वर्षांत "चूक माझीच" असं म्हणणारा एकही माणूस पाहिला नव्हता.

मग एका संध्याकाळी गोमा आला.

वीस-एकवीस वर्षांचा, मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. बरोबर पाड्यातली दहा-पंधरा माणसं, आणि जिच्याशी लग्न ठरलेलं ती मंगळी. गोमाच्या गळ्यात गलोल लटकत होती. तो स्टॉलशी यायच्या आधीच त्याच्या माणसांनी त्याचा मोठेपणा सांगून टाकला. "याचा दगड चुकत नाय. उडत्या पोपटाच्या चोचीतलं कणीस पाडतो हा." मंगळीने नुसती हनुवटी वर करून छत्री दाखवली.

गोमाने नेम धरला तो दोन्ही डोळे उघडे ठेवून. गलोलवाल्याची सवय ती. हात असा स्थिर, की मला वाटलं कुणी मला भिंतीत बसवलंय. पहिला छरा उजवीकडे गेला. त्याच्या भुवया वर गेल्या. खंडेरावाने बंदूक घेतली, बदलून दिली. दुसरा डावीकडे. तिसरा खाली. परत मी. त्याने मनाशी काही ठरवून अंगठ्याएवढं सरकवलं, पण ते मधलीचं सरकवणं होतं, माझ्या काय कामाचं? मी आणखी लांब उजवीकडे टाकला. मागे कुणीतरी फिस्कन हसलं. ती मंगळी होती. मग सगळे हसले. खंडेराव हसला. आणि मीही हसले, अगदी पोटातली स्प्रिंग वाजेपर्यंत.

दहावा गेला. गोमाने मला फळीवर ठेवलं. वारा म्हणाला नाही, चष्मा म्हणाला नाही, बंदुकीला नाव ठेवलं नाही. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि हळूच बोलला, "माजा नेम गेला." गळ्यातली गलोल काढून खिशात घातली आणि गर्दीतून निघून गेला.

तेव्हा मला त्याचंही हसू आलं. सांगून टाकते.

पुढे खंडेराव म्हातारा झाला, मोबाइलवर फुकट फुगे फुटायला लागले, स्टॉल मोडला. एडवणला त्याच्या घरात खाऱ्या वाऱ्यात आम्ही तिघी पडून राहिलो. तो गेल्यावर थोरली आणि मधली लोखंड म्हणून वितळायला गेल्या. मी गेले मुरब्याच्या पारूबाईकडे, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायला. पहिले दोन दिवस कावळे घाबरले. तिसऱ्या दिवशी माझ्यावर येऊन बसायला लागले. माणसापेक्षा कावळा लवकर शिकतो. मग पारूबाईने मला बोंबलांच्या दांडीखाली टेकू म्हणून लावलं. मासळीचा वास आणि मिठाचा गंज. तिथून भंगारात.

तिथे झुंबरभाऊ आले. हे नगरकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मीटर आणि गेज तपासायच्या कामावर होते, नुकतेच रिटायर झालेले. भंगारात जुनी स्प्रिंग शोधायला आले आणि मला घेऊन गेले. तुम्ही ज्याला छंद म्हणता तो या माणसाला पडला होता. इंदुबाई, म्हणजे त्यांची बायको, त्याला दुसरंच काही म्हणायच्या.

"अहो, लोकं रिटायर झाल्यावर नातवंडं खेळवतात. तुम्ही गंज खेळवा."

"गंजाखाली काय आहे ते बघ तरी."

"पस्तीस वर्षं तुमच्या गंजाखाली काय आहे तेच बघतेय. अजून काही निघालं नाही."

बिल्डिंगच्या मागे, जिन्याखाली त्यांनी टेबल मांडलं, त्यावर वस्तू आवळून धरायचा व्हाइस पक्का केला, आणि माझ्यामागे लागले. आधी सगळी खोलली. केरोसिनमध्ये बुडवून ठेवलं. तारेच्या ब्रशने घासलं, मग बारीक पॉलिश पेपरने, दिवसाला वीतभर, त्याहून जास्त नाही. आतला चामड्याचा वायसर कुजून गेला होता, तर जुन्या चपलेच्या तळव्यातून नवा कापला आणि तेलात भिजत घातला. स्प्रिंग नवी आणली. दस्त्याला जवसाचं तेल रोज एक हात. मळ निघाला तसे माझे तीन खिळे चमकायला लागले. झुंबरभाऊंनी पक्कड घेतली. "हे कंपनीचे नाहीत, मागून कुणी मारलेत. काढतो."

इंदुबाई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "राहू द्या हो. नाकात चमकी घातल्यासारखी दिसतेय. सगळंच काय ओरबाडता?"

खिळे राहिले. मला त्या बाईचे आभार मानावेत की तोंड लपवावं, कळेना. कारण तोवर मला दिसलं होतं की बिल्डिंगचा वॉचमन कोण आहे.

पहिल्याच दिवशी तो पाण्याचा पंप बंद करून आला होता. साठीचा, केस पांढरे, चालताना पाय अंदाजाने टाकणारा. "झुंबरभाऊ, हा कंचा नळ आनला?"

"नळ नाही रे गोमा. छऱ्याची बंदूक आहे."

तो दोन पावलं मागे सरकला. "मंग मी लांबच बरा. माजं नि बंदुकीचं जमत नाय."

इंदुबाईंनी विचारलं, काय झालं होतं? आणि त्याने सांगितलं, हसत हसत, दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तसं. जत्रा, दहा छरे, छत्री. तेवढं मला माहीत होतं. पुढचं मला माहीत नव्हतं.

त्यांच्या पाड्यात भात पिवळं पडायला लागलं, की राखणीला शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसायचा मान पाड्यातल्या सगळ्यात पक्क्या नेमाच्या माणसाचा. गलोल घेऊन तो बसायचा, सगळ्या पाड्याची शेतं राखायचा. कापणीची पहिली पेंढी त्याच्या दारात यायची. तीन वर्षं तो मान गोमाचा होता. जत्रेतून परतल्यावर लोक त्याला फुग्या म्हणायला लागले. त्या वर्षी तो माळ्यावर चढला, पण गलोल ताणली की हात कापायचा. पोपटांनी शेत धुवून नेलं. पुढच्या वर्षी माळा धाकट्या भावाला, सुकाला दिला.

"मंग मी तिथं काय करू?" गोमा म्हणाला. "हिकडं आलो. कंपनीत हेल्पर, मंग वॉचमन. वॉचमनला नेम नाय लागत, वहिनी. शिटी लागते."

इंदुबाई हसल्या, तोही हसला. मला केरोसिनच्या डब्यात बुडून राहावंसं वाटलं.

म्हणजे बघा. खंडेरावाने चार बोटं बाजूला मारायला शिकवलं होतं मला, आणि मी एका माणसाला डोंगरातून उचलून बोईसरच्या गेटावर टाकलं होतं. फुगा फुटला नाही एवढंच मला ठाऊक. फुटलं दुसरंच.

त्यानंतरचे महिने माझे वाईट गेले. झुंबरभाऊ जसजसे मला उजळत होते तसतसे माझ्या चोरीजवळ येत होते. हा माणूस सूतभर वाकडं सहन करत नाही. एक ना एक दिवस त्याला माझी माशी दिसणार आणि तो ती सरळ करणार. सरळ झाले की माझी लाज कायमची झाकली जाणार. कुणाला कधी कळणार नाही. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज करा, लवकर करा.

आणि रोज दुपारी गोमा जिन्यावर येऊन बसायचा, मला हात न लावता, लांबून बघायचा. माशी सरळ झाली की त्याचा नेम गेला होता हे कायमचं खरं होणार होतं. थोरली नाही, मधली नाही, खंडेराव नाही. उरलेला पुरावा म्हणजे माझं वाकडेपण, आणि तेच दुरुस्त व्हायच्या वाटेवर होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते की नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पूर्ण जुळून तयार झाले. नळी काळी कुळकुळीत, दस्ता मधाच्या रंगाचा. झुंबरभाऊंनी मला डोळ्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "च्यायला. माशी कललीय."

त्यांनी मला व्हाइसमध्ये आवळलं. ठोकळा घेतला. हातोडी उचलली. गोमा जिन्यावर बसून तंबाखू मळत होता. मी डोळे मिटले, म्हणजे मिटले असते.

हातोडी वरच थांबली.

"नाही, नाही," झुंबरभाऊ स्वतःशीच पुटपुटले. "आलं तसं लिहिलं नाही."

ही त्यांची पस्तीस वर्षांची खोड. कारखान्यात तपासायला आलेलं गेज कितीही बिघडलेलं असो, हात लावायच्या आधी ते काय दाखवतंय ते वहीत लिहायचं. आधी आलं तसं, मग केलं तसं. आलेलं न लिहिता दुरुस्त केलं, तर ते किती दिवस खोटं सांगत होतं हे कुणाला कळणारच नाही, असं ते नव्या पोरांना बजावायचे.

"गोमा, ती रेतीची गोणी कंपाउंडला लाव आणि हा पुठ्ठा तिच्यावर टाच."

पुठ्ठ्यावर काळा ठिपका काढला होता. दहा पावलांवरून, व्हाइसमध्ये तशीच आवळलेली ठेवून, त्यांनी माझी माशी बरोबर ठिपक्यावर आणली आणि दहा छरे मारले. दर छऱ्याला नेम पुन्हा बघून. मग दोघे पुठ्ठ्यापाशी गेले.

ठिपक्याला काही झालं नव्हतं. चार बोटं उजवीकडे एकच भोक होतं, रुपयाएवढं. दहाच्या दहा त्यातून गेले होते.

"दहा आन एकच भोक?" गोमा म्हणाला.

"बंदूक झकास आहे," झुंबरभाऊ म्हणाले. "चुकत नाही ही. हिला चुकवलंय. ही आपोआप कललेली माशी नाही, हातोडीचा बारीक ठोका आहे बघ इथे. मापून मारलाय कुणीतरी."

गोमा बराच वेळ त्या भोकात बोट घालून उभा होता. मग तो माझ्याकडे आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला. व्हाइस सैल केला, मला उचललं, खांद्याला लावलं. दोन्ही डोळे उघडे. गाल दस्त्यावर टेकला आणि तो तसाच थांबला.

"झुंबरभाऊ," तो म्हणाला, "हे खिळे."

"काय खिळ्यांचं?"

"तवा गालाला टोचले व्हते. एकदा तीन. एकदा एक. एकदा दोन. मला वाटलं, मीच गाल येगळा ठेवतोय. मला वाटलं, मला येवडं बी नीट जमत नाय." त्याने मला खाली घेतलं. "बंदूक येकच नव्हती. तो बदलून देत व्हता."

झुंबरभाऊंनी तीन बोटं वर केली. "तीन बंदुका. तीन बाजूंना वाकवलेल्या. अरे, यात तर मीही दहा चुकवले असते. कुणीही चुकवले असते."

"मंग माजा नेम कुठं गेला व्हता?"

"कुठंच गेला नव्हता, गोमा."

आता हा मला आपटणार, असं मला वाटलं. आपटावं असंही वाटलं. दगडावर घालून दोन तुकडे केले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त गालाला लागलेलं तेल बाहीने पुसलं, आणि माझ्या दस्त्यावर उरलेला बोटांचा ठसाही पुसला. चांगली वस्तू आहे, डाग पडू नये, अशा हाताने. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

झुंबरभाऊंनी वहीत लिहिलं, चार बोटं उजवीकडे. मग पुन्हा हातोडी घेतली. "आता करू सरळ?"

"हात नका लावू," गोमा म्हणाला. "आदी सुक्याला दावतो."

त्या संध्याकाळी मला खोलीवर नेऊन त्याने मंगळीला सांगितलं. कंपाउंडच्या कडेला त्यांची खोली आहे. मंगळी भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं. मला पाहिलं, खिळ्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

"पयली मीच हासले व्हते," ती म्हणाली.

"सगळेच हासले."

"पयली मी. आन चाळीस वर्सं तुला फुग्या म्हनते. आता काय म्हनू?"

"फुग्याच म्हन," गोमा म्हणाला. "दुसऱ्या नावाला मी ओ नाय देनार. ती भाकर जळली बघ."

दोन दिवसांनी मंगळीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मला मनोरच्या एसटीत बसवलं. झुंबरभाऊ वही घेऊन बरोबर. इंदुबाईंनी डबा दिला आणि नवऱ्याला सांगितलं, "तिथे तरी सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करत बसू नका."

पाड्यावर सुकाचे केसही पांढरे झाले होते. त्याची पोरं बोईसरला कंपनीत, शेतावर तो एकटा. गोमाने काही समजावून सांगितलं नाही. कुंपणावर दहा करवंट्या ओळीने मांडल्या, मला भरलं आणि त्याच्या हातात दिलं. "मार. तुजा नेम पक्का ना?"

सुकाने पहिला मारला, गेला. दुसरा गेला. मग तो हुशारीने सरकवून धरायला लागला, तर झुंबरभाऊंनी छरा भरून द्यायच्या निमित्ताने दर वेळी चोरून माझी माशी चिमट्याने इकडची तिकडे केली. हा माणूस खोडकर आहे हे मला तेव्हा कळलं. म्हातारी माणसं जमली. दहाव्या छऱ्याला सगळा पाडा खदखदत होता आणि सुकाचं तोंड रडवेलं झालं होतं.

"माजा नेम..." त्याने सुरुवात केली.

"नेम नाय गेला तुजा," गोमा घाईघाईने म्हणाला. त्याला पुढचे शब्द ऐकायचे नव्हते. मग त्याने सगळं सांगितलं. तीन बंदुका, तीन खिळे, वहीतली नोंद. झुंबरभाऊंनी माशी पुन्हा होती तशी, वहीबरहुकूम छरा चार बोटं उजवीकडे जाईल अशी आणून ठेवली आणि एक छरा मारून दाखवला.

कुणी हसलं नाही. फुग्या म्हणणारी जी माणसं तिथे उभी होती, ती पायाकडे बघायला लागली. मी म्हटलं, या, माझ्याबरोबर बघा खाली. जागा आहे.

सुका पुढे झाला. "दादा, माळा तुजा व्हता."

"व्हता," गोमा म्हणाला.

"आज बी भात उबं हाय. चड."

आता खरं सांगायचं तर त्यात उशीर झाला होता. गोमाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात व्हायला लागलाय. चाळीस वर्षं कुणी परत देत नाही. मी तर देऊच शकत नाही. पण तो चढला. खालून मंगळी ओरडली, "सावकास, फुग्या!" त्याने सुकाची गलोल घेतली, दगड लावला. समोर शेतात पोपट उतरले होते. हिरव्या-पिवळ्या भातात हिरवे पोपट, त्याला ते दिसत तरी होते की नाही कोण जाणे. हात मात्र कापत नव्हता. मला माळ्याच्या खांबाला टेकून ठेवलं होतं, मी नीट पाहिलं.

त्याने गलोल ताणली. दोन्ही डोळे उघडे. सोडली.

दगड भलतीकडेच गेला. चांगला हातभर. पोपटांनी मान सुद्धा वर केली नाही.

सुकाने मान वळवली. आणि वरून गोमा हसायला लागला, असा मोठ्याने की शेवटी पोपट उडाले ते त्या हसण्याने.

"हा माजा हाय!" तो वरून ओरडला. "झुंबरभाऊ, लिवा वहीत! हा कुनी चुकवला नाय, हा मी चुकवला! माजा हाय हा!"

झुंबरभाऊंनी खरंच लिहिलं.

तो अजून वर आहे. कापणी होईपर्यंत रजा काढलीय. दिवसाला दोनेकशे दगड चुकवतो आणि प्रत्येकाची मजा घेतो. अधूनमधून एखादा लागतो, तेव्हा मात्र गप्प असतो.

मी इथे सुकाच्या पडवीत खुंटीवर आहे, अंगाने नवीकोरी, नाकात तीन चमक्या. जो येतो तो मला काढून बघतो, दहा मारतो, दहा चुकवतो, आणि मग घरातलं कुणीतरी त्याला गोमाची गोष्ट सांगतं. माझी चोरी अशी रोज चारचौघांत वाचली जाते. तोंड लपवायला जागा नाही, आणि ते बरंच आहे.

फक्त एक विनवणी. झुंबरभाऊ दर रविवारी येतात. माझ्याकडे बघतात आणि त्यांचा हात शिवशिवतो. वाकडी माशी त्यांना बघवत नाही. पाठीमागच्या पिशवीत ठोकळा आणि हातोडी असते, मला माहीत आहे. झुंबरभाऊ, तुम्ही माझा गंज काढलात, तुमचे उपकार आहेत. पण एवढं एक दुरुस्त करू नका. कुणी विचारलं, इतकं सगळं केलंत मग हे का राहिलं, तर वही दाखवा. म्हणा, आली तशी ठेवलीय.